पाकिटांचा नाका

यवतमाळचा कापूस मुंबईस कसा जात असे, या प्रश्नापासून आजच्या भाषणास आरंभ केला तर श्रोत्यांना थोडें नवल वाटेल. कारण आजचा विषय संगणकांच्या जाळ्यांचा आहे, आणि त्यांतहि लिनक्स प्रणालीवर चालणारें एखादें यंत्र एका जाळ्यांतलीं पाकिटें दुसऱ्या जाळ्यांत पुढें कशीं धाडतें, एवढाच आहे. परंतु दोहोंतली अडचण एकाच जातीची आहे, आणि वऱ्हाडांतल्या माणसानें ती संगणक जन्मास येण्यापूर्वीं कित्येक वर्षें डोळ्यांनीं पाहिलेली आहे.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा हमरस्ता १८६७ सालीं नागपुरास पोंचला. भुसावळ, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा, धामणगांव असा तो गेला आणि यवतमाळ त्याच्या दक्षिणेस दूर राहिलें. तेव्हां यवतमाळकडचा कापूस बैलगाड्यांत भरून धामणगांव स्टेशनावर नेत. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभींच्या वर्षांत यवतमाळहून दारव्हा, कारंजा या गांवांवरून मूर्तिजापुरास मिळणारी सुमारें ११३ किलोमीटरांची लहान गाडी झाली. ती सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीच्या मालकीची. कारभारी किलिक निक्सन. लोकांनीं तिला ‘शकुंतला’ असें लाडकें नांव दिलें. १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर चालली, मग डिझेल आलें, आणि २०१० नंतरच्या दशकांत ती बंदच पडली.

मूर्तिजापुरास मात्र ही गाडी अडत असे. तिचे रूळ अडीच फुटांच्या अंतरावर, तर हमरस्त्याचे साडेपांच फुटांच्या. लहान गाडीची वाघीण मोठ्या रुळांवर चढत नाहीं, हें सांगावयास इंजिनिअर नको. म्हणून गांठ उतरवावयाची, पलीकडे न्यावयाची आणि मोठ्या वाघिणींत चढवावयाची. या खटाटोपांत काय बदले आणि काय न बदले, तें नीट लक्षांत ठेवण्याजोगें आहे. वाघीण बदले, इंजिन बदले, गाडीचा गार्डहि बदले; परंतु गांठीवरचा मार्का आणि बिल्टीवर लिहिलेलें पोंचण्याचें ठिकाण, हीं मात्र तींच राहत. गांठ फोडून आंतली रुई कोणत्या प्रतीची आहे हें पाहण्याचें हमालास कांहींच कारण नव्हतें.

संगणकांच्या जाळ्यांत अगदीं हेंच घडतें. आपण कोणाला चित्र पाठवितों, पत्र पाठवितों, तेव्हां तें सबंध जात नाहीं. त्याचे लहान लहान तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्यावर पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता असतो. याच तुकड्यास पाकीट म्हणतात. हें पाकीट ज्यांत घालून नेतात ती वाघीण निराळी: घरांतल्या तारेवर ती एका मापाची, वायफायच्या लहरींवर दुसऱ्या मापाची, मोबाइलच्या मनोऱ्याकडे जातांना तिसऱ्याच मापाची. दोन जाळ्यांच्या सांध्यावरचें यंत्र आलेली वाघीण मोडतें, आंतलें पाकीट काढतें, अंतिम पत्ता वाचतें आणि पलीकडच्या जाळ्याच्या मापाची नवी वाघीण बांधून तेंच पाकीट पुढें रवाना करतें. या सांध्यावरच्या यंत्राला प्रत्येक जाळ्याकडे उघडणारें एकेक दार असतें. जाणकार त्यास ‘इंटरफेस’ म्हणतात. आपण दारच म्हणूं.

‘पाकीट’ हा शब्दहि सहज पडलेला नाहीं. निरोपाचे तुकडे करून पाठवावे ही कल्पना १९६० नंतरच्या दशकांत दोघांस स्वतंत्रपणें सुचली: अमेरिकेंत पॉल बॅरन यांना आणि इंग्लंडांत राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेंतील डोनल्ड डेव्हिस यांना. शब्द डेव्हिसांचा. इतर भाषांतहि सुखानें नांदेल असा तो असावा, म्हणून त्यांनीं भाषातज्ज्ञांचा सल्ला घेतला होता असें सांगतात. मराठीपुरतें तरी तें श्रम सार्थकीं लागले.

१९६९ सालीं या रीतीचें पहिलें मोठें जाळें अमेरिकेंत सुरू झालें. त्याचें नांव अर्पानेट. त्याच्या मागोमाग बिनतारी लहरींवरचें एक आणि उपग्रहामार्फत चालणारें दुसरें, अशीं आणखीहि जाळीं उभीं राहिलीं. प्रत्येकाचें पाकिटाचें माप वेगळें, वेग वेगळा, चुका दुरुस्त करण्याची तऱ्हा वेगळी. म्हणजे मूर्तिजापूरचाच पेंच पुन्हा उभा राहिला, आणि येथें इतिहासाला दोन वाटा फुटतात.

रेल्वेनें या पेंचाचें एक उत्तर दिलें. सर्व रूळ एकाच मापाचे करावे, म्हणजे सांधाच उरणार नाहीं. भारतीय रेल्वेनें १९९२ पासून हें काम मोठ्या प्रमाणावर हातीं घेतलें आणि हजारों मैलांचे अरुंद मार्ग उखडून रुंद केले. यवतमाळच्या वांट्यालाहि वर्धा–यवतमाळ–नांदेड असा नवा रुंद मार्ग आला असून त्यांतील वर्धा ते कळंब हा टप्पा २०२४ च्या फेब्रुवारींत सुरू झाला. उत्तर चोख आहे, पण महाग आहे. रूळ बदलावयाचे, पूल बदलावयाचे, वाघिणी भंगारांत घालावयाच्या. आणि तें पुरें होईपर्यंत लहान गांवांनीं वाट पाहावयाची.

जाळेंवाल्यांनीं उलट उत्तर दिलें. व्हिंटन सर्फ आणि रॉबर्ट कान या दोघांनीं १९७४ च्या मे महिन्यांत एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचा मथितार्थ असा कीं, कोणत्याहि जाळ्यास स्वतःचें माप बदलावयास लावूं नये. ज्याचें घर त्याच्या रीतीनें चालूं द्यावें; फक्त दोन घरांमध्यें एक नाका बसवावा, आणि या घरचें पाकीट त्या घरच्या वाघिणींत घालून देण्याचें काम त्यानें करावें. कान यांनीं या नाक्यावर आणखी एक बंधन घातलें, आणि माझ्या मतें साऱ्या योजनेंतलें तेंच सर्वांत धाडसाचें आहे. नाक्यानें कोणत्याहि पाकिटाची आठवण ठेवावयाची नाहीं. कोण कोणाशीं काय बोलत आहे, कितवें पाकीट गेलें, कितवें राहिलें, याची वही त्यानें बाळगूं नये. पाकीट हरवलें तर पाठविणाऱ्यानें पुन्हा पाठवावें. नाका अडाणी राहिला म्हणूनच स्वस्त राहिला, आणि स्वस्त राहिला म्हणूनच जगभर पसरला. १९७७ च्या २२ नोव्हेंबरला कॅलिफोर्नियांतल्या रस्त्यावरून धांवणाऱ्या एका गाडींतून निघालेलीं पाकिटें बिनतारी जाळें, अर्पानेट आणि उपग्रहाचें जाळें अशा तीन निरनिराळ्या मापांच्या जाळ्यांतून, युरोपास वळसा घालून, पुन्हा कॅलिफोर्नियांत पोंचलीं. वाटेंत कोणालाहि आपलें माप बदलावें लागलें नाहीं.

नाक्यानें पाकिटावर मात्र एक खूण करावयाची असते. १९८१ च्या सप्टेंबरांत ठरलेल्या नियमांप्रमाणें प्रत्येक पाकिटावर आयुष्याचा एक आंकडा लिहिलेला असतो, आणि प्रत्येक नाका तो निदान एकानें कमी करतो. शून्य झाला कीं पाकीट फेंकून द्यावयाचें आणि पाठविणाऱ्यास तसें कळवावयाचें. वाट चुकून दोन नाक्यांमध्यें येरझारा घालणारें पाकीट अनंतकाळ भटकूं नये, हा त्यांतला हेतु. लिनक्स यंत्रें हा आंकडा बहुधा ६४ पासून आरंभितात.

येथवरचे नाके म्हणजे त्याच कामासाठीं बांधलेलीं खास यंत्रें होतीं. १९८३ मध्यें बर्कलीच्या विद्यापीठानें आपली ‘४.२ बीएसडी’ ही प्रणाली बाहेर काढली, आणि जाळ्याचे सर्व नियम कोणत्याहि साधारण यंत्रास उपलब्ध झाले. ज्या यंत्रावर प्राध्यापक हिशेब करीत, त्यालाच दोन दारें बसविलीं कीं तें नाकाहि होऊं लागलें. येथूनच घोटाळ्यास सुरुवात झाली. कांहीं प्रणालींत अशी सोय होती कीं दुसरें दार दिसतांच यंत्र आपण होऊन परक्यांचीं पाकिटें वाहूं लागे. मालकास त्याचा पत्ताहि नसे. त्यांत आणखी एक भर पडली. ‘सर्वांस कळावें’ अशा दवंडीचा पत्ता बीएसडीमध्यें शून्यांचा होता, तर १९८४ सालीं ठरलेल्या नियमांत तो सर्व एकांचा झाला. ज्या यंत्रांस नवी दवंडी ओळखतां येईना, तीं ती दुसऱ्या कोणाचें तरी पाकीट समजून पुढें धाडूं पाहत, आणि त्यासाठीं ‘हा पत्ता कोणाचा?’ म्हणून प्रत्येक जण स्वतंत्र दवंडी पिटी. एका हांकेस शंभर यंत्रें शंभर हांकांनीं उत्तर देत, आणि सबंध जाळें घटकाभर ठप्प होई. हा गोंधळ कोणाच्या दुष्टाव्यानें झालेला नव्हता. न सांगतां मदत करावयास धांवणाऱ्यांनीं तो केलेला होता.

त्यावरचा निर्बंध १९८९ च्या ऑक्टोबरांत आला. जाळ्याचे नियम ज्या क्रमांकित टिपणांत नमूद होतात त्यांतील ११२२ क्रमांकाचें तें टिपण असून त्याचे संपादक रॉबर्ट ब्रेडन होते. त्यांत साफ सांगितलें आहे कीं, साधारण यंत्रांत नाक्याचें काम करण्याची सोय असेल तर तिला कळ असावी, आणि ती कळ मुळांत बंद असावी. यंत्रास एकाहून अधिक दारें आहेत एवढ्यावरून त्यानें स्वतः होऊन नाका बनूं नये. याचें कारणहि टिपणानें दिलें आहे: यंत्र चालविणाऱ्याची ही सेवा देण्याची इच्छा नसेल, किंवा ती देण्याइतकी त्याची पात्रता नसेल. यंत्रांच्या नियमावलींत मनुष्याची इच्छा आणि पात्रता यांचा विचार क्वचितच आढळतो. म्हणून हें वाक्य मला नेहमीं मोलाचें वाटत आलें आहे.

यानंतर दोनच वर्षांनीं, १९९१ च्या ऑगस्टांत, हेलसिंकी विद्यापीठांतील लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें आपण एक नवी प्रणाली लिहीत असल्याचें जाहीर केलें. तिची १.० ही आवृत्ति मार्च १९९४ मध्यें निघाली, आणि जाळ्याचें काम करण्याची शक्ति तींत होती. एखादा जुना संगणक, दोन स्वस्त कार्डें आणि फुकट मिळणारी ही प्रणाली, एवढ्या भांडवलावर नाका उभा करतां येऊं लागला. विदेश संचार निगमनें भारतांत १५ ऑगस्ट १९९५ रोजीं इंटरनेट सर्वांसाठीं खुलें केलें, तेव्हां टेलिफोनची जोडणी एक आणि संगणक पांच अशी कित्येक कचेऱ्यांची स्थिति होती. अशा ठिकाणीं लिनक्सचा हा गुण फार उपयोगी पडला.

ती कळ आजहि लिनक्समध्यें जशीच्या तशी आहे. प्रणालीच्या गाभ्याची चालू स्थिति जेथें पाहतां व बदलतां येते, त्या ‘प्रॉक’ नांवाच्या कप्प्यांत ‘सिस’, त्यांत ‘नेट’, त्यांत ‘आयपीव्ही४’, आणि त्यांत ‘आयपी फॉरवर्ड’ नांवाची एक इवलीशी फाईल आहे. तींत एकच आंकडा असतो. शून्य असेल तर परक्याचें पाकीट आलें कीं यंत्र तें निमूटपणें टाकून देतें. एक लिहिला कीं पुढें धाडावयास लागतें. हा बदल केवळ स्मरणांतला असतो. यंत्र बंद करून पुन्हा चालू केलें कीं शून्य परत येतें, म्हणून कायमचा करावयाचा असल्यास प्रणालीच्या नियमांच्या फाईलींत वेगळा लिहून ठेवावा लागतो. पुष्कळांचें काम रात्रीं सुरळीत चालून सकाळीं वीज जाऊन आल्यावर अडतें, तें येथेंच. या कळीविषयीं लिनक्सच्या अधिकृत माहितींत एक चमत्कारिक सूचना आहे. ती बदलतांच इतर जाळेंविषयक सेटिंगें मूळ स्थितीवर जातात: शून्यास ११२२ क्रमांकाच्या टिपणाप्रमाणें आणि एकास नाक्यांसाठीं १९९५ सालीं निघालेल्या १८१२ क्रमांकाच्या टिपणाप्रमाणें. अर्थात् हा एक आंकडा लिहिणें म्हणजे नुसतें दार उघडणें नव्हे. यंत्र एका कायद्याच्या हद्दींतून दुसऱ्या कायद्याच्या हद्दींत जातें.

तरी कळ दाबली म्हणजे पाकिटें पोंचलींच, असें नाहीं. कोणतें पाकीट कोणत्या दारानें न्यावें याची एक यादी यंत्राजवळ असावी लागते. टपालाची छांटणी पाहिलेल्यांस ही यादी समजावयास वेळ लागणार नाहीं. ‘यवतमाळ जिल्हा या पिशवींत’ आणि ‘दारव्हा तालुका त्या पिशवींत’ अशा दोन सूचना असतील, तर दारव्ह्याचें पत्र दुसऱ्याच पिशवींत पडतें. जी सूचना अधिक नेमकी, ती खरी. कोणतीच लागू पडली नाहीं तर ‘बाकी सर्व’ या नांवानें एक शेवटची वाट ठेवलेली असते.

खरी चूक होते ती परतीच्या वाटेंत. समजा, पुसदच्या एखाद्या शाळेंत दहा संगणक आहेत, आणि मध्यें दोन दारांचें एक लिनक्स यंत्र आहे. मुलांच्या संगणकांतून पाकिटें निघालीं, यंत्रानें तीं बाहेर धाडलीं, पलीकडच्या यंत्रानें तीं वाचलीं आणि उत्तर लिहिलें. परंतु तें उत्तर कोणत्या वाटेनें शाळेंत न्यावें हें बाहेरच्या नाक्यास कोणीं सांगितलेंच नाहीं. कापूस मुंबईस पोंचला आणि पैशाची हुंडी यवतमाळास परत येईना, अशी ही गत. शाळेंतला माणूस आपलेंच यंत्र उलटें पालटें करून पाहतो, आणि दोष असतो दुसऱ्याच्या यादींत.

बाहेरच्या यादीवर आपला अधिकार चालत नसेल तर दुसरी युक्ति आहे. नाक्यानें पाठविणाऱ्याचा पत्ता खोडून स्वतःचा लिहावयाचा, उत्तर आलें कीं वही पाहून मूळ संगणकाकडे वळवावयाचें. यास लिनक्सवाले ‘मास्करेड’ म्हणतात, म्हणजे सोंग घेणें. चार आंकड्यांच्या जुन्या पद्धतींत सगळे मिळून सुमारें ४२९ कोटीच पत्ते होतात. ते पुरेनात म्हणून १९९६ सालीं घरगुती वापराचे पत्ते वेगळे राखले गेले, आणि हें सोंग घरोघर आलें. सोय मोठी झाली यांत शंका नाहीं. परंतु नाक्यानें आठवण ठेवूं नये ही जी कान यांची अट होती, ती येथें मोडली. वही आली म्हणजे वही भरण्याची भीति आली, आणि कोण कोठें गेलें हें सांगूं शकणारा साक्षीदारहि आला. मला ही युक्ति कधींच फारशी रुचलेली नाहीं. तिच्यावांचून आज कोणाचेंच चालत नाहीं, हेंहि खरें.

आतां जबाबदारीविषयीं. रुग्णालयांतल्या तपासणी यंत्रांचें एक आंतलें जाळें आहे आणि कचेरीचें बाहेर जोडलेलें दुसरें, अशी कल्पना करा. दोहोंकडे दार असलेला एखादा संगणक अहवाल घेण्यापुरता मध्यें ठेवलेला असतो. त्याची कळ शून्यावर आहे तोंवर तो भिंतीचें काम करतो. कोणीं दुसऱ्याच कामासाठीं ती एकावर केली, तर भिंतींत वाट पडते आणि ती कोणाच्याहि दृष्टीस पडत नाहीं. म्हणून कळ उघडणारानें त्याच हातानें पहाराहि बसवावा लागतो: कोणत्या दारांतून कोणत्या दाराकडे काय जाऊं द्यावें आणि काय अडवावें, याचे नियम. जानेवारी २००१ मध्यें निघालेल्या २.४ या आवृत्तीपासून लिनक्सच्या गाभ्यांत ही व्यवस्था ‘नेटफिल्टर’ नांवानें आहे. आंतून निघालेल्या पाकिटांस आणि त्यांच्याच उत्तरांस मुभा, इतरांस मनाई, हा तिचा बहुतेक ठिकाणचा सारांश.

हें सारें तज्ज्ञांच्या खोलींतलें आहे, आपल्या घराशीं त्याचा संबंध नाहीं, असा समज करून घेण्याचें कारण नाहीं. अँड्रॉइड फोनाचा गाभा लिनक्सचाच आहे. त्याला एक दार मोबाइलच्या मनोऱ्याकडे आणि एक वायफायकडे. २०२० सालीं शाळा बंद झाल्या तेव्हां वडिलांच्या फोनावरचा ‘हॉटस्पॉट’ चालू करून त्यावर मुलांचे वर्ग चालविणारीं कुटुंबें यवतमाळांत होतीं तशीं पुण्यांतहि होतीं. त्या बटणामागें मुळांत हेंच आहे: दोन दारें, पुढें धाडण्याची परवानगी, आणि पत्त्याचें सोंग.

पत्त्यांची टंचाई ज्यांत उरलेली नाहीं त्या नव्या पद्धतीची, म्हणजे आयपीव्ही६ ची, कळ निराळी आहे आणि तीहि मुळांत बंदच असते. तिच्यांत एक बारकावा असा कीं, साधारण यंत्र शेजारच्या नाक्याच्या जाहीर सूचना ऐकून आपली वाट ठरवितें; परंतु त्यासच नाका केलें कीं तें अशा सूचना ऐकणें सोडून देतें, कारण वाट दाखविणारानें दुसऱ्या वाटाड्याच्या सांगण्यावर चालूं नये असा तेथें संकेत आहे. परिणाम असा होतो कीं, कळ उघडतांच यंत्राची स्वतःचीच बाहेरची वाट नाहींशी होते, आणि चालविणारा गोंधळून जातो. नाका होऊनहि वरच्या नाक्याच्या सूचना ऐकत राहाव्या अशी इच्छा असेल, तर ‘अ‍ॅक्सेप्ट आरए’ नांवाच्या निराळ्या फाईलींत एकाच्या जागीं दोन हा आंकडा लिहावा लागतो.